बादशाही पलंगावरचा भोपळा

रविवारी सकाळी नऊलाच फार्महाऊसच्या फाटकाबाहेर चपलांचा ढीग पडलेला असायचा. कासारसाईहून टेम्पो भरून माणसं यायची, जांब्याहून मोटारसायकली यायच्या, आणि आमचं रिहे गाव तर निम्मं तिथेच. आत हिरवळीवर मांडव, मांडवात लाकडी चौथरा, आणि चौथऱ्यावर एक पलंग. माणसं त्या पलंगाच्या दर्शनाला येत होती.

पलंग बघण्यासारखा होता, हे मी आजही म्हणेन. दोन्ही टोकं नावेसारखी वर वळलेली. लाकूड काळपट तांबडं, आरशासारखं चकचकीत. चार कोपऱ्यांवर चार सोनेरी हंस. पायथ्याला एक सिंह, आणि त्या सिंहाला बाईचं तोंड. फ्रान्सच्या बादशहाच्या काळात असे पलंग व्हायचे आणि त्या घडणीला एम्पायर म्हणतात, असं पलंगाचे मालक दिग्विजयसाहेब सांगत. आमच्या बायकांना फ्रान्सशी देणंघेणं नव्हतं. हंस म्हणजे सरस्वतीचा, आणि बाईच्या तोंडाचा सिंह म्हणजे नरसिंहाची बहीण असणार, असं त्यांनी आपसांत ठरवलं. दुसऱ्याच रविवारी बहिणीला हळदीकुंकू लागलं. तिसऱ्या रविवारी कोणीतरी हंसाच्या डोक्यावर नारळ फोडायला गेलं. नारळ फुटला नाही, हंसाची चोच पडली आणि आतून पांढरं प्लास्टर दिसलं. साहेबांनी चोच कपाळाला लावली, खिशात घातली आणि म्हणाले, "दोनशे वर्षांनी मुक्त झाला."

चमत्कार असा होता. पलंगावर डाव्या अंगाला निजायचं, डोळे मिटायचे आणि गेलेल्या माणसाचं नाव मनात घ्यायचं. स्पीकरवर तंबोरा लावलेला असायचा. थोड्या वेळाने उजवी बाजू हळूहळू दबायची, कोणी शेजारी येऊन निजावं तशी. मग दहाएक मिनिटांनी ती पुन्हा वर यायची. म्हणजे माणूस आलं, पडलं आणि उठून गेलं.

आमच्या शेजारच्या फुलाबाईचा नवरा जाऊन बावीस वर्षं झाली. दारूत गेला. ती निजली, बाजू दबली, आणि ती ताडकन उठून बसली. "मेल्या, हितंबी आलास व्हय? तिकडंच ऱ्हा की." सगळा मांडव हात जोडून उभा राहिला. बाई एवढ्या मनापासून शिव्या देते म्हणजे नवरा आलाच असणार, यावर कोणाचं दुमत नव्हतं.

टेम्पोवाला दत्ता गंमत म्हणून निजला. त्याचं कोणीच गेलेलं नव्हतं. आईबाप घरी, बायको मोनाली पायथ्याशी उभी. तरीही त्याची उजवी बाजू दबली. मोनालीने शांतपणे विचारलं, "कोण आलं हुतं?" दत्ता म्हणाला, कोणी नाही. "मग दबलं कसं?" दिग्विजयसाहेबांनी खुलासा केला की मागच्या जन्मीची पत्नी असावी. मोनाली तीन दिवस माहेरी राहिली.

हे ऐकून मी हसलो होतो. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. ज्याचं कोणी गेलेलं नाही त्याच्याही शेजारी कोणी येतं, तर ते येणारं माणूस नव्हे. पण त्या दिवसांत मला विचार नको होता. मला जया हवी होती.

जया माझी बायको. तिला लकवा झाला, एक अंग गेलं. अकरा महिने ती पलंगावर होती आणि मार्गशीर्षात गेली. पलंग शिसवीचा, तिच्या वडिलांनी लग्नात दिलेला, डोक्याकडच्या फळीवर मोरांची जोडी. तेराव्याला गुरुजींनी शय्यादान सांगितलं. गेलेल्या माणसाच्या नावाने पलंग, गादी, उशी दान द्यायची, अशी आमच्याकडे रीत आहे. मी नवी गादी दिली, उशी दिली. पलंग दिला नाही. त्यावर मी झोपत होतो.

चौथ्या रविवारी मी रांगेत उभा राहिलो, तेव्हा दिग्विजयसाहेबांनी नेमकं तेच विचारलं. काका, शय्यादान केलंत का? पलंग कसला आहे? किती जुना? कोरीव काम आहे का? मला वाटलं, किती आस्थेने विचारतो माणूस. ते म्हणाले, "ज्या पलंगावर त्या गेल्या, त्या पलंगालाच त्या अडकल्यात. तो घराबाहेर काढा. आम्ही दान म्हणून घेतो, शुद्ध करतो आणि विसर्जन करतो. मग दर रविवारी भेट होईल. नाहीतर हीच शेवटची." फुलाबाईने नवऱ्याचा पलंग दिलाच होता. कासारसाईतूनही बरेच पलंग गेले होते, आणि सगळे जुने, जड लाकडाचे. लोखंडी खाटेत मात्र कोणी अडकलेलं निघालं नाही. लोखंडाला आत्मा चिकटत नाही, असं साहेबांचं म्हणणं होतं.

मी निजलो. तंबोऱ्याच्या खालून मला एक आवाज आला. आधी टक्क, मग लांब सुस्कारा. मी ओळखला. तो जयाच्या आजारपणातला आवाज होता. अकरा महिने मी तो दिवसरात्र ऐकला होता, आणि ती गेल्यापासून एकदाही नाही. माझं घर सोडून गावात तो कोणाला ठाऊक नव्हता. मग उजवी बाजू दबली. मी म्हणालो, "आलीस?" आणि मला रडू आवरलं नाही.

बाहेर येऊन मी साहेबांना सांगितलं, पुढच्या रविवारी पलंग न्या.

शनिवारी दुपारी माझी मुलगी सायली आली. ती हिंजवडीत कंपनीत आहे. मी जयाच्या साड्या पलंगावरून उचलून ट्रंकेत ठेवत होतो. तिने विचारलं, मी सांगितलं, आणि ती खाली बसली. त्याच आठवड्यात तिला दिसलेला एक फोटो तिने मला मोबाईलवर दाखवला. जुन्या वस्तू विकणाऱ्याची जाहिरात होती. एका संस्थानिकाच्या महालातला दुर्मिळ एम्पायर पलंग, असं लिहिलेलं. चार कोपऱ्यांवर चार सोनेरी हंस. "फळी बघा अण्णा," ती म्हणाली. "बिडीचे तीन डाग, एका ओळीत. हा फुलाकाकूंचा पलंग आहे. लहानपणी मी त्या डागांत बोट घालायचे."

मी म्हणालो, संस्थानिकही बिड्या ओढत असतील. ती चिडली. मीही चिडलो. म्हणालो, तुला काय कळतंय, मी आवाज ऐकलाय तिचा.

"आई बोलली?"

"बोलायचा न्हवं. तिच्या खोलीतला आवाज."

"कसला? करून दाखवा."

मी तोंडाने केला. टक्क. मग स्स्स.

"परत करा," सायली म्हणाली.

मी परत केला.  ती माळ्याकडे बघत होती. मीही बघितलं. मग मी शिडी लावली.

माळ्यावर जयाची हवेची गादी होती आणि तिचं निळं यंत्र. गादीत दोन लांब पिशव्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. यंत्र एकीत हवा भरतं आणि दुसरीतली सोडतं. दर दहा मिनिटांनी टक्क होतं आणि उलटं सुरू होतं. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याला ती बदलून देतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी ती घ्यायला लावली होती.

आम्ही गादी शिसवी पलंगावर अंथरली आणि यंत्र लावलं. वर कोणी नव्हतं. टक्क झालं, सुस्कारा आला आणि उजवी बाजू दबली. मी स्टुलावर बसून चार वेळा ते बघितलं. चारही वेळा कोणी आलं नव्हतं.

सायली म्हणाली, आत्ताच्या आत्ता पोलिसांत जाऊ. मी म्हणालो, जाऊ. पण गावाचा माझ्या शब्दावर विश्वास बसायचा नाही, त्यांनी स्वतःच्या शेजारची बाजू दबलेली अनुभवली आहे. आधी त्यांना दाखवू. आणि परड्यातल्या वेलाच्या मांडवावरून मी एक भोपळा तोडून आणला.

रविवारी दत्ताचा टेम्पो आला. साहेबांच्या दोन माणसांनी जयाचा पलंग उचलून टेम्पोत ठेवला. मी अडवलं नाही, फक्त पलंगाबरोबर मीही येणार म्हणालो. तसा मी रिह्याच्या रस्त्याने टेम्पोत, बायकोच्या पलंगावर, मांडीवर भोपळा घेऊन गेलो; सायली पुढे दत्ताशेजारी बसली होती. लोकांना वाटलं, गेला हा कामातून.

मांडवात शिरल्यावर दिग्विजयसाहेबांनी आधी माझ्या खांद्यावरून टेम्पोतले मोर बघितले आणि मग भोपळा बघितला. विचारलं, हा कशाला? मी म्हणालो, नैवेद्य. आणि भोपळा बादशाही पलंगाच्या डाव्या बाजूला, उशीवर देठ टेकवून निजवला. वर चादर घातली.

"मला न्हाई निजायचं," मी म्हणालो. "आज ह्याची पाळी."

लोक हसले. साहेब म्हणाले की हा पलंगाचा अपमान आहे, आणि भोपळा उचलायला पुढे झाले. फुलाबाईने त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या की सायेब. एवढ्या माणसांचं वझं पेललंय त्यानं, भोपळा जड हुतोय व्हय?"

भोपळ्याकडे बघत दहा मिनिटं बसणं फार लांब वाटतं. कोणी उठलं नाही. मी तंबोरा बंद करायला सांगितलं, तो मोनालीने केला. मग सगळ्यांनी ऐकलं. टक्क. स्स्स. पलंगाची उजवी बाजू सावकाश दबली.

 मोनालीने विचारलं, "भोपळ्याची कोण आली?"

दत्ता म्हणाला, "मागल्या जन्मीची दोडकी आसंल."

मांडव हसण्याने हलला. पण दिग्विजयसाहेब डगमगणारे नव्हते. त्यांनी हात वर करून सांगितलं की भोपळाही सजीव आहे, त्याच्यात बिया आहेत, बियांत पिढ्या आहेत, आणि आज आपण फार मोठी गोष्ट पाहिली. हे इतकं गंभीरपणे सांगितलं की पुढे बसलेल्या तीन म्हाताऱ्यांनी भोपळ्याला हात जोडले. मला दिसायला लागलं की पुढच्या रविवारी ह्यालाही हळदीकुंकू लागणार. तेव्हा मी चौथऱ्याचं मखमली कापड वर केलं.

आत निळं यंत्र होतं. जयाच्या यंत्रासारखंच, दोन नळ्या वर गादीत गेलेल्या. मी वायर ओढून काढली. थोड्याच वेळात हवा गेली, दोन्ही बाजू बसल्या, आणि भोपळा गडगडत येऊन नरसिंहाच्या बहिणीला धडकला.

साहेब म्हणाले, "यंत्र हे निमित्त आहे. आत्म्याला यायला वाट लागते."

"माझा नवरा वायरीतनं यायला कुटं शिकला?" फुलाबाई म्हणाली. "जित्तेपणी त्याला बल्ब बसवता येत नव्हता."

मग सायलीने तिला मोबाईल दिला. फुलाबाईने फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि बोटाने बिडीचे डाग मोजले. "ह्यो माझा पलंग हाय," ती म्हणाली. "ह्याला ही बदकं कुणी लावली?"

बंगल्यामागच्या शेडमध्ये बाकीचे पलंग सापडले. एकाचंही विसर्जन झालेलं नव्हतं. प्रत्येकाला चार-चार हंस स्क्रूने बसवत आणले होते, आणि कोपऱ्यात एका खोक्यात आणखी हंस होते, सगळे एकाच साच्यातले. कासारसाईच्या लोकांनी आपापले पलंग ओळखले आणि पेचकस मागवून हंस उतरवले. पौडला पोलिसांत तक्रार दिली. जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो वापरला. फुलाबाईने एक हंस ठेवून घेतला, म्हणाली, भाडं म्हणून. भोपळाही तिनेच नेला आणि दुसऱ्या दिवशी घारगे करून पाठवले.

आमचं हवेचं यंत्र आता जांब्यातल्या एका आजोबांकडे आहे. त्यांना खुब्याचं हाड मोडल्यामुळे हलता येत नाही. तिथे ते रोज खरं काम करतं, आणि कोणी त्याच्या पाया पडत नाही.

माझं सांगणं फार नाही. मी शाळा फारशी शिकलेलो नाही. पण कोणी चमत्कार दाखवला तर त्याला एवढंच विचारा, की माझ्या जागी भोपळा ठेवला तर काय होईल? आणि त्याचं उत्तर ऐकत बसू नका. भोपळा ठेवून बघा. आपलं माणूस गेलेलं असतं तेव्हा हे विचारायला नको वाटतं, हे मला माहीत आहे. तेव्हाच विचारा, कारण असे चमत्कारवाले तेव्हाच आपल्याकडे येतात.

जयाचा पलंग घरी परत आला. मोर शाबूत आहेत. मी माझ्या बाजूला झोपतो. तिची बाजू दबत नाही, आणि दबणार नाही. अकरा महिने मी तिच्या अंगावरची चादर नीट केली, ती माझ्या आयुष्यात आली होती आणि शेवटपर्यंत होती, एवढं खरं आहे. त्याला हंस लावायची गरज नाही.