आळ्यातला चपटा दगड

चौकातलं झाड पिवळं पडलं, तशी ताईने निम्म्या गावाशी भांडणं उकरून काढली. नगरपालिकेच्या बागखात्यात तिचा जन्म गेलेला. हे झाड बोटाएवढं होतं, तेव्हा तिने आणि तिच्या धाकट्या भावाने मिळून लावलेलं. पाय मोडून ती घरी बसली, तेव्हा झाड त्याच्याच हवाली केलं होतं. तोही याच खात्यात. पाठच्या भावावर नाही, तर विश्वास ठेवायचा कुणावर, सांगा!

परत कामावर आली तर ही तऱ्हा. आधी चहावाल्याला धरलं. "मेल्या, उकळतं पाणी तूच ओततोस बुंध्यात!" तो बिचारा शपथा घेऊन दमला. धाकटा शेजारीच उभा होता. म्हणाला, "लोकांना लाज म्हणून उरली नाही, ताई."

एका सकाळी ती बुंध्याशी बसली आणि चमकली. मुळाशी नवी माती, भोवती सुबक आळं. अहो, एवढ्या मोठ्या झाडाला आळं करतं का कुणी? ते रोपांना करतात. आणि पाइपाची धार पडेल तिथे एक चपटा दगड. ही तिच्या वडिलांची रीत, खात्यात आता या बहीणभावाच्याच हाताला ठाऊक असलेली.

तिने माती उपसली. खाली बुंध्याची साल गोल सोललेली, अगदी लाकडापर्यंत; असं झाड उभ्या उभ्या वाळतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

धाकट्याला तिने तिथेच बोलावून घेतलं. खड्डा पाहून त्याचा चेहरा उतरला.

"पोराच्या दुकानाची पाटी झाकली जात होती गं," तो पुटपुटला. "जितं झाड खातं तोडू देत नाही. तुझ्याच भाच्याचं दुकान आहे ना?"

"मला विचारायचंस."

"तू हो म्हणाली असतीस?"

"मेले तरी नाही! म्हणून केसाने गळा कापायचा? माझ्या शेजारी उभा राहून लोकांना नावं ठेवत होतास!"

तो उपसलेली माती पायाने परत खड्ड्यात लोटू लागला.

"आणि मारायचंच होतं, तर आळं कशाला केलंस? हा दगड कशाला ठेवलास?"

धाकट्याने दगडाकडे पाहिलं. त्याच्या ते आत्ताच लक्षात आलं असावं.

"माती वाहून गेली असती ना, ताई," तो म्हणाला.

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. रडतरडतच तिने तो दगड उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"घेऊन जा. माझ्या एकाही रोपाला यापुढे हात लावायचा नाहीस."