बोल गिरिजाबाईंना लागला

मित्रांनो, मी आष्टीचा एक जुना पतंग आहे आणि मान खाली घालून बोलतो आहे.

धर्मराज गुरुजींनी मला बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराचं कापड घेऊन बनवलं. उंचीला मी त्यांच्या खांद्याला लागतो. दर बुद्धपौर्णिमेच्या दुपारी आम्ही माळावर जायचो. त्यांच्या पत्नी गिरिजाबाई मला डोक्यावर उंच धरायच्या. गुरुजी लांबून दोर ताणून "सोड!" म्हणायचे, की मी सरळ वर. परतूरचे शौकीन आपले पतंग सोडून मलाच बघत राहायचे. मी फार फुशारलो होतो.

पुढे उन्हाळी वारा कमी होत गेला. शौकीन मंडळी दोऱ्याची चक्री मांडीवर घेऊन लिंबाखाली बसायची आणि चिडून घरी जायची. मीही दोन हात वर जाऊन नाकावर आपटायचो. गुरुजींनी माझी शेपटी कापली, दोर जिथं बांधतात ती कन्नी बदलली. शेवटी दोन वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर ओरडले, "गिरिजा, तुझे हात गळाले! बराबर धरता येत न्हाई तुला."

मी त्याच हातांत होतो. हात ताठ होते, वाराच नव्हता. हे मला कळत होतं. तरी बोल माझ्यावर आला नाही म्हणून मला बरं वाटलं. गिरिजाबाई त्यानंतर माळावर आल्या नाहीत.

यंदा गुरुजींनी शेजारच्या वसंता गवंड्याला नेलं. भक्कम दंडाचा गडी. तीनदा त्यानं मला धरलं, तीनदा मी आपटलो. वसंतानं मूठभर माती सोडून पाहिली. ती त्याच्याच पायांवर पडली.

"गुरुजी, वारंच न्हाई. मी काय करू?"

गुरुजी मला घेऊन घरी आले. गिरिजाबाई ज्वारी निवडत होत्या.

"तुझे हात गळाले न्हवते गं. वारा पडल्ता."

"मला ठावं व्हतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

गुरुजींनी मला बाईंपुढं ठेवलं. बाईंनी सुई-दोरा काढला आणि माझ्या फाटलेल्या कडेला टाके घातले. त्यांचा हात जराही थरथरला नाही. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

मित्रांनो, पतंग उंदरांपासून जपा, उन्हात टाकू नका. पण तुम्हाला उंच धरणाऱ्या माणसाला त्याआधी जपा. मी ते केलं नाही, आणि टाके मात्र त्यांच्याकडूनच घालून घेतले.