मंदीवाल्यांवर बंदी

ताईच्या नवऱ्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला जाणं म्हणजे स्वतःचंच डोकं फिरवून घेणं. हे माहीत असूनही त्या दुपारी मी फोन लावला. शेअर दलालाच्या ऑफिसात गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी टाकायचं माझं काम, त्यामुळे फोन कानालाच असतो.

"भाऊजी, आज विका. सगळे विका."

"वेडी आहेस का? आज तर आपण जिंकलो!"

जिंकलो म्हणजे काय, तर मंदीवाल्यांवर बंदी आली होती. हे लोक शेअर उसने घेऊन विकतात आणि भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करतात. भाऊजी आयुष्यभर ज्या बँकेत कॅशियर होते, तिचा भाव घसरत चालला होता आणि त्याचं खापर या लोकांवर फुटत होतं. निवृत्तीचा सगळा पैसा भाऊजींनी त्याच शेअरमध्ये घातलेला. म्हणून सह्या गोळा करून, सरकारी ऑफिसांचे उंबरे झिजवून बंदी मागणाऱ्यांत हे सगळ्यांच्या पुढे.

"भाव बघितलास? नुसता उडतोय!"

"अहो, मंदीवालेच घेतायत म्हणून उडतोय! बंदीमुळे संध्याकाळपर्यंत उसने शेअर परत करायचेत त्यांना. बँकेची कर्जं बुडालीत ती बुडालीतच. उद्या घेणार कोण?"

"तुमची दलाली बुडणार, म्हणून पोटात दुखतंय तुझ्या."

माझं डोकंच सणकलं. "बसा मग कवटाळून!" म्हणत मी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी बँकेने तोटा जाहीर केला. एरवी वाईट बातमी आली तरी भाव पायरी-पायरीने उतरायचा, कारण थोडा खाली आला की मंदीवाले नफा पदरात पाडायला खरेदी करायचे. आता ते नव्हतेच. स्क्रीनवर विकणाऱ्यांची रांग वाढत गेली आणि घेणाऱ्यांचा रकाना रिकामा.

भाऊजींचा फोन आला. आवाज पार बसलेला. "वीक गं बाई. मिळेल त्या भावाला."

"सकाळीच टाकलीय ऑर्डर, ताईने सांगितलं तेव्हा. घेणारं कोणी नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

 भाऊजी अगदी अजिजीने म्हणाले, "ते तुझे मंदीवाले... त्यांना सांग ना. आजच्या दिवस या म्हणावं."

कालचा राग जिभेवर आला होता, पण तो स्वर ऐकून मी तो गिळला. या माणसाची इतकी कीव मला कधी आली नव्हती.

"त्यांना येता येत नाही, भाऊजी. बंदी आहे."

"मग उठवायला सांगतो. मीच मागितली होती ना? माझं ऐकतील." त्यांनी आत हाक मारली, "अगं, माझा इस्त्रीचा शर्ट काढ. बंदी उठवून येतो."

ताईला वाटलं, चेष्टा करतायत. ती हसली.