निरोगी बाईचे माप

"तुमी आंधी दुसऱ्याचं पाहा ना, मॅडम. मी मंग येतो," असे म्हणून लालसू शाळेच्या पायरीवरच बसून राहिला.

चिंचेखाली गावातील स्त्रीपुरुष तिष्ठत उभे होते. परंतु एकही जण पुढे सरकत नव्हता. लालसू गावचा भूमिया होता. त्याने पहिली मूठ पेरल्याविना एटापल्लीकडच्या त्या लहानशा गावात कोणी बी टाकीत नसे. मग छातीला मशीन लावून घेण्याचे धाडस त्याच्याआधी कोण करणार?

"भेता का, लालसूभाऊ?" डॉक्टर दिव्यानीने विचारले. निरोगी माणसांच्या हृदयाचे माप घेणारे मशीन घेऊन ती चंद्रपूरहून आली होती.

"अस्वलाले भेलो नाई, तुमच्या डब्याले काऊन भेऊ?"

"भेते ना! लगनातई असाच बसला होता, ओढून उठवा लागला!" गर्दीतून दुर्गा ओरडली. ती लालसूच्या बायकोची धाकटी बहीण. थट्टेचा हक्क नात्यानेच तिच्याकडे आलेला. सारे हसले. लालसू मात्र हसला नाही.

"निरोगी माणसंच पायजे म्हणता," तो हळूच म्हणाला. "पण बिमार माणूसच ज्या मशीनले दिसत नाई, त्याले निरोगी कसा दिसन?"

दिव्यानी त्याच्याजवळ पायरीवर बसली. तेव्हा त्याने सोमारीचे सांगितले.

सोमारी त्याची बायको. चालता चालता तिला धाप लागू लागली, म्हणून त्याने तिला जिल्ह्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात नेले होते. तेथे तिचे हृदय असेच पडद्यावर पाहिले गेले. "डावा कप्पा पाच पॉइंट एक सेंटीमीटर, म्हणजे मापात आहे. बाई ठणठणीत आहे," असे तेथल्या माणसाने सांगितले. लालसूच्या अंतःकरणावरचा धोंडा उतरला. त्या आनंदात त्याने परतीच्या वाटेवर तिला नवे लुगडे घेतले.

पुढे मोहफुलांचा हंगाम आला. टोपली डोक्यावर असताना सोमारी चढावर मटकन खाली बसली, तेव्हा चारचौघींदेखत तो बोलून गेला, "मशीन म्हणते तू चांगली आहेस. मंग हे सोंग कायचं?"

त्यानंतर सोमारी त्याच्यासमोर कधीच बसली नाही. उभ्यानेच झाडाला टेकून ती श्वास घेई आणि त्याची चाहूल लागताच पुन्हा वाकून फुले वेची. हंगाम सरण्यापूर्वीच एका सकाळी ती मोहाखाली आडवी सापडली; अंग थंड पडले होते.

"मशीन खोटं नाई बोललं," दिव्यानी म्हणाली. "पण मशीनमधलं माप दुसऱ्या मुलखातल्या धिप्पाड लोकांचं आहे. तुमच्या लोकांचं माप कोणी घेतलंच नाई. तेच घ्यायले आम्ही आलो."

"म्हंजे सोमारीले दुसऱ्याच्या मापानं मोजलं?"

"हो."

"मंग सांगा. ती बिमार होती, का सोंग करे?"

"तिच्या बांध्याच्या निरोगी बाया पाहिल्याशिवाय पक्कं नाई सांगता येत, भाऊ."

लालसू उठला. कोणाकडेही न पाहता तो आत गेला, सदरा काढून बाकावर डाव्या कुशीवर निजला. छातीवर थंडगार चिकट मलम लागले तेव्हा त्याने फक्त डोळे मिटले. बाहेर येताच त्याने हाक मारली, "दुर्गे, जाय तू."

"मी? माह्यं काळीज पाहून भेऊन जातीन ना ह्या!"

"जाय म्हणलं ना."

त्याच्या आवाजातील काहीतरी ऐकून ती थट्टा विसरली आणि निमूट आत गेली. दोघी बहिणी एकाच चणीच्या. एकीचे पोलके दुसरीला येत असे. दुर्गा मात्र अजूनही डोईवर लाकडाचा भारा घेऊन टेकडी धावत उतरे.

दिव्यानी दारात आली. "तीन पॉइंट नऊ," ती म्हणाली. "एकीच्या मापावरून कायदा नाई ठरत, भाऊ. अजून पुष्कळ बाया पाहाव्या लागतीन." ती उंबरा ओलांडून त्याच्याजवळ आली. "पण पाच पॉइंट एक या बांध्याले जास्त होतं. मी असती त घरी नसतं पाठवलं."

"किती जास्त? मले पॉइंट समजत नाई. हातानं दाखवा."

तिने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून मधले अंतर दाखविले. लालसूने आपली बोटे तिच्या बोटांपाशी नेऊन तेवढेच अंतर काळजीपूर्वक धरले. बोटाच्या एका पेराहूनही ते लहानच होते.

"एवढंच?" तो म्हणाला.

चिंचेखालच्या बाया आता एकमेकींना ढकलीत, खिदळत दाराकडे येऊ लागल्या होत्या. लालसू त्यांना वाट देऊन भिंतीपाशी जाऊन बसला.

थोड्या वेळाने दुर्गा पाण्याने भरलेला गडवा घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "घ्या, भाऊजी. तोंड सुकलं तुमचं."

गडवा जड होता. धरायला दोन्ही हात लागले असते. लालसूने आपल्या उजव्या हाताच्या दोन बोटांकडे पाहिले; त्यांच्यातले अंतर त्याने अजून तसेच धरले होते.

"खाली ठेव," तो म्हणाला.