खिरापत फुटली

नऊ वर्षांत माझी खिरापत कोणाला ओळखता आली नव्हती. हसायचं असेल तर हसा. ज्याला त्याला कशाचा ना कशाचा माज असतो. कोणाला पोरगा परदेशात असल्याचा, कोणाला दारात चारचाकी असल्याचा. मला भुलाबाईच्या खिरापतीचा.

सावंगीत आमचा बत्तीस प्लॉटांचा लेआउट आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीचे भुलाबाई-भुलोजी बसतात आणि कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी आम्ही गाणी म्हणतो. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा पुढे आणते. आत खायला काय आहे, ते बाकीच्यांनी डबा हलवून, आवाजावरून ओळखायचं. गोड का तिखट, तळलेलं का भाजलेलं, एवढंच विचारायचं. पूर्वी हे पोरींचं होतं. पोरींना आता ट्यूशन असते, म्हणून बायका करतात.

माझी युक्ती साधी. डब्यात खाऊच्या भोवती सरकी काढलेला कापूस ठासून भरायचा. आवाजच होत नाही. ही युक्ती दोघींनाच माहीत, मला आणि वर्षालीला. वर्षाली समोरच्या घरात राहते, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. माझी गर्भपिशवी काढली तेव्हा तिनं पंधरा दिवस माझं घर चालवलं, आणि त्याचा एकदाही उल्लेख केला नाही. माझी खिरापत दरवर्षी आम्ही दोघी मिळून करतो. दार लावून.

मग जून महिन्यात वेदश्री आली. कौशल्याबाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं. नवरा श्रीनिवास कॉलेजात शिकवतो. ही घरीच असते, अंगणात कुंड्या लावते आणि पुस्तकातल्यासारखं बोलते. आम्ही 'नाई' म्हणतो, ही 'नाही' म्हणते, ह वर जोर देऊन.

पहिला महिना मला काही वाटलं नाही. नंतर वर्षालीच्या पायऱ्यांवर वेदश्रीच्या चपला दिसायला लागल्या. सोमवारी दिसल्या, बुधवारी दिसल्या, शनिवारी तर दोनदा. मी खिडकीत उभी राहून भाजी निवडायचे. भाजी निवडायला खिडकी कशाला लागते, असं कैलासनं, माझ्या नवऱ्यानं, एकदा विचारलं. मी दुसरी जुडी सोडली.

संध्याकाळी दोघी फिरायला जायला लागल्या. मला विचारलं नाही. एकदा मीच म्हटलं, तर वर्षाली म्हणाली, "तुहे गुडघे दुखते न, ताई." काळजीनं म्हणाली. त्या काळजीनं मी जास्त जळाले.

आणि एक दिवस वर्षाली 'अगदी' म्हणाली. "अगदी बरोबर आहे, ताई." आमच्यात 'अगदी' कोणी म्हणत नाही. माझ्या आईनं सत्तर वर्षांत एकदाही म्हटलं नसेल. हा शब्द तिच्या तोंडात कोणी घातला ते मला कळत होतं. त्या रात्री मी जेवले नाही आणि पित्त झालं म्हणून सांगितलं.

तर माझी पाळी आली. या वेळी मी मोहफुलांचे लाडू करायचं ठरवलं. माझं माहेर कारंजा घाडगेच्या बाजूला, जंगलाला लागून. वहिनी चैतात फुलं वेचून वाळवते, मला डबाभर पाठवते. फुलं भाजायची, तिळासोबत कुटायची, गुळात वळायची. लेआउटमधल्या बायांनी मोह म्हणजे फक्त दारू ऐकलेली. कोणाच्या बापाला ओळखता येणार नाही, असं मी वर्षालीला म्हटलं. ती हसली. लाडू वळून आठ वाजायच्या आत घरी गेली. मी घरभर उदबत्त्या लावल्या, कारण भाजलेल्या मोहाचा वास दोन-दोन दिवस जात नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाणी झाली. मी डबा आणला. पहिल्यांदा कौशल्याबाईंनी हलवला.

"यात काईच नाई," त्या म्हणाल्या. "जयानं रिकामा डबा आणला."

"भुलाबाईले उपास आहे यंदा," कोपऱ्यावरच्या प्लॉटातल्या तानाबाई म्हणाल्या.

मीराताईंनी हलवला. त्या शाळेत शिकवतात, त्यामुळे त्यांनी तीन प्रश्न नीट क्रमानं विचारले आणि नारळाची वडी म्हणाल्या. मी मान हलवली. दहावं वर्ष.

डबा वेदश्रीकडे गेला. तिनं हलवलाच नाही. मांडीवर ठेवला, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "मोहफुलांचे लाडू?"

मी झाकण काढलं. काळपट लाडू कापसात बसलेले.

मी वेदश्रीकडे बघितलंही नाही. वर्षालीकडे वळले.

"सांगतलं न तू तिले?"

"काय?" वर्षाली म्हणाली.

"काय म्हणून मलेच विचारते. दोघीलेच माहीत होतं. मी त नाई सांगतलं. नऊ वर्षं माह्या ताटात जेवली अन् चार महिन्यांच्या बाईसाठी माहं घर फोडलं तू. फिरता फिरता अजून काय काय सांगतलं? माह्या ऑपरेशनचं भी सांगतलं असन. कैलासचं सांगतलं असन."

खोलीत बारा बाया होत्या. कोणती बाई खरी कशी आहे, ते गाण्यात कळत नाही, अशा वेळी कळतं.

कौशल्याबाई लगेच म्हणाल्या, "जाऊ द्या व बाई, देवीसमोर भांडत नाई." त्या नेहमी असंच म्हणतात. त्यांच्या सख्ख्या जावेनं दागिने लपवले तेव्हाही म्हणाल्या होत्या. मिटवणाऱ्या माणसाला खरं-खोटं नको असतं, चहा गरम असताना प्यायला मिळाला की झालं.

तानाबाईंनी पदर सावरला. "मी काई म्हणत नाई बापा. पण परवा मी दळण घेऊन येत होती त ह्या दोघी पुलावर उभ्या होत्या. लय वेळ बोलून राह्यल्या होत्या. काय बोलत होत्या, देव जाणे." आणि खाली बघून बांगड्या फिरवायला लागल्या. काडी टाकायची आणि हात धुवायचे. पुलावर उभं राहणं हा गुन्हा आहे, असं मलाही त्या क्षणी वाटलं.

मीराताईंना दुसरंच लागलं. "म्हणजे दारूचं फूल तुमी प्रसादात ठेवलं?" त्यांनी उचललेला लाडू डब्यात परत ठेवला. मग शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं, भांडणात माणसाचे चार रंग दिसते. जयाताई, तुमी लाल आहा. लाल माणूस पहिले बोलते, मग विचार करते."

"अन् तुमी कोणता रंग?" तानाबाईंनी विचारलं.

"मी निळा. शांत, विचारी."

शांत, विचारी मीराताईंचा अंगठा पदराखाली मोबाईलवर चालला होता. भुलाबाई उठायच्या आत भांडण तीन ग्रुपवर गेलं होतं.

कैलास आतल्या खोलीतून आला आणि म्हणाला, "दूध घेऊन येतो." फ्रिजमध्ये दोन लिटर दूध होतं. भांडण दिसलं की त्याला दूध आठवतं. आमच्या लग्नात माझे काका आणि त्याचे काका भांडले तेव्हाही हा दूध आणायला गेला होता.

आणि वर्षाली. शपथ घेतली नाही, रडली नाही. तिचं असंच आहे. दुसरी कोणी असती तर माझ्या झिंज्या धरल्या असत्या, आणि मला बरं वाटलं असतं. ती उठली, मांडीवरची रिकामी ताटली ओट्यावर नेऊन ठेवली, चपला घातल्या आणि गेली.

तेव्हा वेदश्री बोलली. मीराताईंना म्हणाली, "दारूचं फूल नाही. माझी आजी उन्हाळाभर मोहफुलांची भाकर खायची. आमच्याकडे मोहाच्या झाडाला पाय लागला तरी नमस्कार करतात." आणि तिनं डब्यातून लाडू उचलून खाल्ला. दुसराही उचलला.

"तुमच्याकडे म्हणजे कुठं?" तानाबाईंनी विचारलं.

"कुरखेड्याला. गडचिरोलीत. माझे बाबा वनरक्षक होते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जयाताई, वर्षालीताईंनी मला काही सांगितलं नाही. मी दारातून आत आले तेव्हाच वास आला, उदबत्तीच्या खालून. भाजलेला मोह मी झोपेतही ओळखेन. मला इतका आनंद झाला की बोलून गेले. ओळखायचं नसतं, हे मला कळायला हवं होतं."

"पण बोलते त पुण्यासारखी," कौशल्याबाई म्हणाल्या.

"पुण्याला हॉस्टेलात होते. मुली माझ्या बोलण्याला हसायच्या. एका वर्षात बोलणं बदललं."

आता इथे मला बरं वाटायला पाहिजे होतं. मैत्रीण फितूर नव्हती. पण मला बरं वाटलं नाही, आणि हे मी लपवणार नाही. वर्षालीनं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मग मी खरी ठरले असते. आता उलट झालं. माझ्या माहेरचा मोह, माझी वहिनी, माझं जंगल, तेही या बाईनं घेतलं. माझ्या लाडवांच्या बाजूनं तीच बोलली. माझी बाजू घ्यायचीही मला संधी ठेवली नाही. मी तिला 'बरं' म्हटलं आणि प्रसाद वाटला. मीराताईंनी घेतला नाही.

दोन दिवस वर्षाली आली नाही. दुसऱ्यांच्या घरच्या भुलाबाईलाही आली नाही. समोरच्या पायऱ्यांवर वेदश्रीच्या चपला होत्याच. मी खिडकी लावून घेतली, मग उघडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. ती तांदूळ निवडत होती. 'बस' म्हणाली नाही. मी बसले.

"चुकलं माहं," मी म्हटलं.

"बरं."

"बरं काय? बोल न काई. शिव्या दे."

"मले शिव्या नाई देता येत, ताई."

ती खडे काढत राहिली. मला वाटलं, आता ती अशीच बसणार आणि मी घरी जाऊन रडणार. पण ती बोलली. मान वर न करता बोलली.

"तू त्या दिवशी बोलली, त्याचं मले लागलं. पण त्याचं एवढं नाई. तुह्याकडं आली का तू पहिले काय विचारते? कुठं गेलती. कोणासंग गेलती. काय बोलल्या. काऊन उशीर झाला. माहा नवरा नाई विचारत एवढं. तिच्याकडं गेली का कोणी काई विचारत नाई. तिथं मी उलीसा श्वास घेतो."

मला उठून जावंसं वाटलं. मला तिला थापड मारावीशी वाटली. आणि मला तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. तिन्ही एकाच वेळी वाटतं, हे मीराताईंच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नसतील.

"मंग मी काय करू?"

"काई नको करू. विचारत नको जाऊ, बस."

"बरं."

तिनं सूप झटकलं. "परवा माही पाळी आहे. सरगुंडे करतो म्हणतो. काडीवर गुंडाळाले हात लागन. दुपारी येजो."

"ती येते का?" तोंडातून निघून गेलं.

वर्षालीनं माझ्याकडे बघितलं. मग मान डोलावली. "येते."

मी गेले. दोन वाजता जायचं ठरवलं होतं, एक वाजताच गेले. पायऱ्यांवर चपला आधीच होत्या. वर्षालीच्या स्वयंपाकघरात चटई अंथरली होती. वेदश्री मधे बसली होती. तिनं सरकून जागा केली. मला वर्षालीच्या शेजारची जागा हवी होती, मला वेदश्रीच्या शेजारची मिळाली. तिनं कधी सरगुंडे केले नव्हते. पिठाची दोरी काडीवर गुंडाळताना तिची तुटत होती. त्याचा मला आनंद झाला. मग दहाव्या काडीला तिला जमलं, आणि तो आनंद गेला.

"असं फिरवायचं का, ताई?" तिनं मला विचारलं.

"काडी फिरवा, पीठ नका फिरवू," मी म्हटलं.

अर्धा तास नुसत्या काड्या फिरत होत्या. मग वर्षालीनं तिच्याकडे बघून नुसतं म्हटलं, "पुलावरचा बकरा." दोघी हसायला लागल्या. वेदश्रीला तर ठसका लागला. मी मान खाली घालून पुढची काडी उचलली. जिभेवर प्रश्न आला होता. दातांनी धरून ठेवला. काडी फिरवली.

कशावर हसल्या, ते मला अजून माहीत नाही.