दोन पदरांचा शेला

मी एक जुना शेला आहे, मित्रांनो. माझा रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा आहे आणि माझे दोन पदर एकमेकांसारखे नाहीत. एक सोनेरी आहे, दुसरा रुपेरी. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "विणणाऱ्याची चूक झाली का हो?" चूक मुळीच नाही. या दोन पदरांमुळेच मी आयुष्यभर ताठ मानेने मिरवलो. ते कसे घडले, तेच आज तुम्हांला सांगतो.

माझा जन्म बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात, चुडामणदादा साळी यांच्या मागावर झाला. साल होते एकोणीसशे अठ्ठेचाळीस. एका छोट्या संस्थानाच्या दरबारातून दादांकडे मागणी आली होती. संस्थानच्या नाटक मंडळीत रंभाबाई नावाच्या गायिका राणीचे काम करीत. त्यांना दसऱ्याच्या दरबारात भेट द्यायला एक शेला हवा होता. सोन्याचा मुलामा दिलेली जर दरबारानेच डबीत घालून पाठवली होती. दादांनी माझा पहिला पदर विणला, तेव्हा शेजारीपाजारी तो पाहायला येत. मग त्यांनी माझे अंग विणायला घेतले. दिवसाला वीतभर, कधी त्याहूनही कमी.

माझे अंग विणून झाले, दुसरा पदर तेवढा राहिला होता, आणि एक पत्र आले. संस्थान देशात विलीन झाले होते. दरबार संपला होता. पत्रात दोनच ओळी होत्या: शेला नको, उरलेली जर परत पाठवावी.

दादांनी चिमूटभरही न ठेवता सगळी जर परत केली. मी मागावर तसाच राहिलो. एक पदर असलेला, दुसरा नसलेला. दादांच्या पत्नी रोज म्हणायच्या, "कापून काढा त्याले. दुसरं काम लावा." दादा म्हणायचे, "थांब जरा." पण कशासाठी थांबायचे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. माझ्यावर धूळ बसू लागली. ज्याला कोणाच्या खांद्यावर जायचे असते, त्याने असे ताणून पडून राहणे फार वाईट, मित्रांनो.

पौष महिन्यात ती नाटक मंडळीच बुऱ्हाणपुरात आली. शनवाऱ्याच्या वेशीबाहेरच्या मैदानात त्यांनी कनात ठोकली. मंडळीचे व्यवस्थापक दिगंबरराव होते. त्यांच्याजवळ एक पडदा, एक पेटी आणि तबल्याची जोडी, एवढेच सामान उरले होते. पोशाख आणि दागिने दरबारचे म्हणून दरबारी कोठारात जमा झाले होते. इतकेच नव्हे, तर दहा वर्षांत रंभाबाईंना मिळालेल्या भेटीसुद्धा यादीत लिहून परत घेतल्या गेल्या. त्यांच्या अंगावरची शाल मागून घेतली, तेव्हा त्यांनी ती उतरवून घडी करून दिली. मंडळीतल्या माणसांकडून ही हकिगत गावभर झाली.

चुडामणदादा कुतूहलापोटी पहिल्या खेळाला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले आणि पत्नीला सांगू लागले, "राणीचं काम, अन् अंगावर साधं सुती लुगडं. मी म्हटलं, ही कशाची राणी? पण बाईनं पहिला सूर लावला ना, अन् मी लुगड्याकडे पाहायचंच विसरलो."

असे बोलता बोलता त्यांनी फडके घेतले आणि माझ्यावरची धूळ झटकली. शेला कोणासाठी आहे, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. का विणायचा, हे त्या सकाळी कळले.

पण सगळेच प्रेक्षक दादांसारखे नव्हते. लोकांना चमचमती राणी पाहायची सवय होती. काही जण हसले. कोणीतरी "सुताची राणी" असे नाव ठेवले. कनात अर्धी रिकामी राहू लागली. मात्र एक माणूस एकही खेळ चुकवीत नसे. तो म्हणजे जवळच्या जसोंडी गावचा शेतकरी उखर्डू. प्रत्येक खेळाला तो खांद्यावर केळीचा एक घड घेऊन यायचा, रंगमंचाच्या कडेला ठेवायचा, हात जोडायचा आणि पहिल्या रांगेत बसायचा. मंडळीतली माणसे दोन्ही वेळा केळी खात आणि उखर्डूला दुवा देत.

एके दिवशी उखर्डू घड ठेवायला गेला असताना त्याच्या कानावर बोलणे पडले. दिगंबरराव म्हणत होते, "बाई, रविवारचा खेळ शेवटचा. मग मंडळी मोडायची." आणि रंभाबाई म्हणाल्या, "मोडा. मलाही आता कळलंय. महाराज टाळी वाजवायचे म्हणून दरबार वाजवायचा. माझं गाणं कुणी ऐकतच नव्हतं."

उखर्डू तडक राजपुऱ्यात चुडामणदादांकडे आला. दादा पुढेही खेळाला जात आणि दोघे शेजारी बसत, त्यामुळे माझी हकिगत त्याला माहीत होती.

"दादा, तो शेला पुरा करा. रविवारी बाईले देऊ."

"कशानं पुरा करू? जर कुठं हाय?" दादा म्हणाले.

उखर्डू तसाच घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो बैलगाडी घेऊन परत आला. या वेळी सोबत त्याची बायको भागाबाई होती. तिने स्वतःच्या पदराला हात पुसले आणि मग मला बोट लावले. कापूस वेचून वेचून तिची बोटे खरखरीत झाली होती, पण इतक्या जपून मला तोवर कोणीच हात लावला नव्हता. मग तिने दंडातली चांदीची वाकी काढली आणि मागावर ठेवली.

दादा दचकले. "अवो भागाबाई, तुमी त बाईचं गाणं कधी ऐकलंही नाही."

"ऐकलं ना! हे वावरात दिवसभर तेच म्हनतात," ती उखर्डूकडे पाहून म्हणाली. "यांच्या बेसूर गळ्यातून एवढं गोड लागते, त बाईच्या गळ्यातून कसं लागत असंन? पन मले जाता येत नाही. राती खेळ असतो, बायामाणसं कशी येतीन? मी वाकी देते, दादा. फक्त एक करा. रविवारचा खेळ दुपारी ठेवाले सांगा. आमी गाड्या जुपून येतो आन् दिवस मावळायच्या आत घरी जातो."

ही गोष्ट दोनच दिवसांत जसोंडीत घरोघरी पोहोचली. कोणी तुटकी साखळी पाठवली, कोणी पैंजणाचे एकटे उरलेले घुंगरू. एका म्हातारीने लेकराचा वाळा दिला. तो घालणारा लेक आता पन्नाशीचा होता! राजपुऱ्यातल्या बायकांनीही जुन्या लुगड्यांचे जरीचे काठ उसवून आणले. दादांच्या पत्नीने स्वतःची जोडवी काढून दिली. मला कापून काढा म्हणणाऱ्या त्याच बाई, मित्रांनो!

दादांच्या गल्लीतच भाईदास तारकाम करणारे राहत. चांदीची तार ओढून, चपटी करून, रेशमी धाग्यावर गुंडाळली की जर तयार होते. भाईदासांनी सगळी चांदी एकत्र वितळवली आणि तार ओढायला घेतली. ती तुटली. पुन्हा ओढली, पुन्हा तुटली.

"चांदीत मिलावट हाय," ते कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "इतक्या घरची इतक्या तऱ्हेची चांदी. ही तार होणं मुश्कील."

"मग?" दादांनी विचारले.

"मग काय, मिलावट काढू तिची. बायांनी अंगावरचं काढून दिलंय, मी नाही कसं म्हणू?"

भाईदासांनी ती चांदी दोन वेळा तापवून शुद्ध केली. शुक्रवारी सकाळी तार निघाली, केसासारखी बारीक आणि अखंड. मुलामा द्यायला सोने मात्र कोणाकडेच नव्हते. त्यामुळे माझा दुसरा पदर चांदीच्या रंगाचाच राहिला. दादांनी शुक्रवार आणि शनिवार असे दोन्ही दिवस आणि दोन्ही रात्री माग सोडला नाही. त्यांना तिथेच भाकरी आणून द्यावी लागे. रविवारी सकाळी शेवटचा धोटा फिरला आणि मी मागावरून उतरलो. जन्मल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माझी घडी घातली.

इकडे दादांच्या सांगण्यावरून दिगंबररावांनी खेळ दुपारी ठेवला होता. शेवटचाच खेळ, कधीही झाला तरी काय बिघडते, असे त्यांना वाटले होते. पण रविवारी दुपारी ते कनातीबाहेर आले आणि पाहतच राहिले. शनवाऱ्याच्या वेशीपर्यंत बैलगाड्या उभ्या होत्या. जसोंडीच्या बायका, शेजारच्या गावांच्या बायका, शहरातल्या मास्तरांच्या आणि कारकुनांच्या घरच्या बायका! बायकांची बाजू भरली, मग पुरुषांची अर्धी बाजूही त्यांनाच द्यावी लागली. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी कनातीची कड वर केली आणि बाहेरून पाहिले.

पहिला अंक संपल्यावर चुडामणदादा, भाईदास आणि उखर्डू रंगमंचावर चढले. दादांच्या दोन्ही हातांवर मी होतो. दादांना भाषण येत नव्हते. ते एवढेच म्हणाले, "बाई, हा तुमच्या नावाचा शेला. एक पदर दरबारचा. एक आमचा."

रंभाबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला.

"नको," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रागावू नका. दिलेलं परत जातं, हे मी पाहिलंय. पुन्हा नाही सोसायचं मला."

उखर्डूची मान खाली गेली. मला वाटले, आता मी कायमचा कोणाचाच नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने भागाबाई उठली. एवढ्या माणसांपुढे ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती.

"बाई, याची यादी कोनी केली नाही. कोनाचं काय हाय त्याच्यात, ते आमाले बी आता सांगता येनार नाही. समदं वितळून एक झालं. कोन येईन परत मागाले? अन् हे काई शेल्यासाठी नाही दिलं. तुमचं गाणं ऐकू आलं पायजे, म्हनून दिलं. आमी गाड्या जुपून तेच ऐकाले आलो. तुमी गा!"

रंभाबाईंनी मला उचलून त्या सुती लुगड्यावर पांघरले. सोनेरी पदर त्यांनी पाठीमागे टाकला आणि रुपेरी पदर पुढे घेतला, छातीवर, सगळ्यांना दिसेल असा.

दुसरा अंक सुरू झाला. राणीला राज्याबाहेर घालवतात, तेव्हाचे पद होते. मी त्यांच्या खांद्यावर होतो, त्यामुळे सूर निघण्याआधी त्यांचा श्वास कसा भरतो ते मला कळत होते. त्या दिवशी तो फार खोलवरून आला. पद संपले. टाळ्या वाजल्या, पुरुषांनी "वन्समोअर!" अशी आरोळी ठोकली. भागाबाईला तो शब्द माहीत नव्हता. ती ओरडली, "बाई, अजून एकदा!" आणि सगळ्या बायका एकसुरात म्हणू लागल्या, "अजून एकदा! अजून एकदा!" रंभाबाईंनी ते पद चार वेळा म्हटले. चौथ्या वेळी त्या हसत हसत म्हणत होत्या आणि पुढे बसलेल्या बायका रडत रडत ऐकत होत्या. पेटीवाल्याची बोटे दुखली, पण तोही थांबायला तयार नव्हता.

खेळ संपल्यावर दिगंबररावांनी पडदा गुंडाळायला घेतला. रंभाबाई म्हणाल्या, "राहू द्या तो वरच. पुढचा दुपारचा खेळ कधी ठेवताय?"

मंडळी मोडली नाही, मित्रांनो! पुढची आठ वर्षे ती तापीच्या दोन्ही काठांवरच्या गावांत हिंडली आणि जिथे गेली तिथे आठवड्यात एक खेळ दुपारी, बायकांसाठी झाला. प्रत्येक खेळात मी होतो. लोकांनी रंभाबाईंना पुढे कितीतरी भेटी दिल्या: गुळाची ढेप, पितळी समई, शिवलेली गोधडी, एकदा तर दूध देणारी शेळी! त्यांनी प्रत्येक भेट दोन्ही हातांनी घेतली. छप्पन्न साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि बुऱ्हाणपूर त्यात आले, तेव्हा त्या राजपुऱ्यात घर घेऊन कायमच्या राहिल्या आणि मुलींना गाणे शिकवू लागल्या.

यानंतरचा काळ माझ्यासाठी बरा नव्हता. शिकवताना शेल्याची गरज नसते. मी कपड्यांच्या लाकडी पेटीत गेलो. बाईंचे वय झाले, मग त्याही गेल्या, आणि पेटी कोणी उघडेना. कोणीतरी प्रेमानेच डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. त्यांमुळे माझी जर काळवंडली. एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिल्याने तिथले रेशीम विरले.

शेवटी बाईंच्या शिष्या निर्मलाताईंनी पेटी उघडली. त्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी मला सावलीत वारा दिला, विरलेल्या जागी मागून मऊ सुती अस्तर लावले आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात मला पांघरून त्या गायला उभ्या राहिल्या. त्यांचा गळा चांगला होता, पण सभेत गायची भीती फार. मी पुन्हा एकदा तो खोल श्वास खांद्याखाली भरताना अनुभवला. गाणे संपले आणि शाळेचे छप्पर टाळ्यांनी दणाणले. माझी चांदी काळी पडली होती, तरी त्या दिवशी मी नव्यासारखा झळकलो, असे मला वाटते!

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला सुती कापडात ठेवा, अधूनमधून वारा द्या आणि घडी बदलत जा. एवढ्याने आम्ही पुष्कळ जगतो. आणि कोणाचे गाणे, कोणाचे काम तुम्हांला मनापासून आवडले, तर घरी जाऊन नुसते आठवत बसू नका. हातात काही नसले तरी चालेल. उठा, पुढे जा, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाहून त्याला सांगा.