ठिपक्याचा रकाना

मित्रांनो, केस कापायच्या दुकानातली मी एक जुनी खुर्ची आहे. पाय लोखंडी, अंगावर काळं रेक्झिन, आणि उजव्या हातावर कात्रीचे बारीक ओरखडे. मला आणि माझ्यासारख्या दुसरीला एका टेम्पोत घालून दोन जावांनी आणलं, तेव्हा दुकान म्हणजे एक खोली, एक आरसा आणि एक बेसिन एवढंच होतं.

थोरली व्यवहाराला पक्की होती. धाकटीचा हात हलका. गिऱ्हाईक माझ्यावर बसलं की धाकटी आधी त्याच्या मानेवरून बोटं फिरवी, काही दुखतंय का, काही सोसत नाही का, ते विचारी. मगच कात्री उचली. केसांना रंग लावायचा असला तर आदल्या दिवशी कानामागे एक ठिपका लावून बाईला घरी पाठवी. "उद्या खाज आली नाही तरच या," असं सांगी. आठ वर्षांत एकही बाई रडत गेली नाही. लोक पायरीवर बसून वाट पाहत, आणि माझं रेक्झिन दिवसभर ऊबदार राही.

मग थोरलीने शेजारची खोली घेतली. मधल्या भिंतीत दार पाडलं. चार नव्या खुर्च्या आल्या आणि काचेवर कागद लागला : कारागीर पाहिजेत.

चौदा जण आले. प्रत्येकाची परीक्षा माझ्यावरच झाली. शेजारच्या कुणालातरी बसवायचं आणि केस कापायला सांगायचे, थोरली घड्याळ पाही आणि धाकटी हात पाही. एका तरुणाने सतरा मिनिटांत काम उरकलं. पुढे सगळे त्याला भराभरच म्हणू लागले. तो गेल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, हात छान आहे त्याचा. पण बसलेल्या माणसाला त्याने एक शब्द विचारला नाही."

"आपल्याला हातच हवेत," थोरली म्हणाली.

भराभर आला. लांब वेणीची एक अबोल मुलगी आली, आणखी दोघी आल्या. थोरलीने भिंतीवर पांढरा फळा लावला. कोण कोणत्या खुर्चीवर, कुणाला किती मिनिटं, सगळे रकाने आखले. धाकटीच्या ॲप्रनवर 'प्रमुख' असा बिल्ला लावला. त्या दिवशी धाकटी आरशात पाहून जराशी लाजली, ते मला अजून आठवतं. प्रमुख झाल्यावर तिने पहिलं काम केलं ते फळ्यावर 'ठिपका' असा एक रकाना वाढवण्याचं.

दुसऱ्या दिवशी थोरलीने तो ओल्या फडक्याने पुसला. एका रंगासाठी दोन फेऱ्या कोण मारणार, असं तिचं म्हणणं. धाकटीने पुन्हा लिहिला. थोरलीने पुन्हा पुसला, आणि फळ्याचं पेन आपल्या खणात ठेवलं. मग धाकटीने तो लिहिलाच नाही. एकाच घरात राहायचं, एकाच चुलीवरचं जेवायचं, किती ताणणार? पण मित्रांनो, मला वाटतं, तिचं तिथेच चुकलं.

शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. सदतीस वर्षं शिकवून त्या निवृत्त होत होत्या. दुसऱ्या दिवशी निरोपसमारंभ होता, म्हणून पांढरे केस रंगवायला आल्या आणि माझ्यावर बसल्या. फळ्यावर त्यांच्या नावापुढे भराभरचं नाव होतं. रंगही नवा होता, लवकर चढणारा. पंधरा मिनिटांत बाई म्हणाल्या, डोक्याची आग होतेय. त्याने फळ्याकडे पाहिलं आणि अजून दहा मिनिटं आहेत म्हणून सांगितलं. बाई शिस्तीच्या. त्या माझे दोन्ही हात घट्ट धरून बसल्या. त्यांची नखं माझ्या रेक्झिनमध्ये रुतली, तरी मला ओरडता येईना.

पलीकडच्या खोलीतून धाकटी आली, तिने बाईंचा चेहरा पाहिला आणि धावत त्यांना बेसिनकडे नेलं. तोवर पापण्या सुजून डोळे मिटले होते, कानामागे फोड आले होते. बाईंना इस्पितळात नेलं. निरोपसमारंभ त्यांच्याविनाच झाला. मुलांनी बसवलेलं गाणं रिकाम्या खुर्चीसमोर म्हटलं गेलं, असं गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून कळलं.

तिसऱ्या दिवशी बाईंचा मुलगा दुकानात आला. आवाज न चढवता त्याने विचारलं, चाचणी न घेता रंग लावायचं कुणी ठरवलं? सगळे कारागीर उभे होते. थोरलीने धाकटीच्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं. "प्रमुख ही आहे. ते बघणं हिचं काम."

धाकटीने बिल्ला काढला, माझ्या हातावर ठेवला. "ताई, मला दोषी ठरवलंत त्याचं काही नाही," ती हळू म्हणाली. "पण या सगळ्यांच्या देखत ठरवलंत. आता तुमच्यासाठी इथे कोण उभं राहील?"

महिन्याच्या आत धाकटी नवऱ्याला घेऊन दूर राहायला गेली. वेणीवाल्या मुलीने काम सोडताना एवढंच सांगितलं, की आज त्यांच्यावर ढकललंत, उद्या माझ्यावर ढकलाल. तिच्यामागून दोघी गेल्या. भराभरला दुसरीकडे काम मिळालं. नव्या खुर्च्या विकल्या गेल्या आणि शेजारच्या खोलीला कुलूप लागलं.

वर्षभराने बाई स्वतः आल्या. कानामागे तळहाताएवढी जागा उघडी पडली होती, तिथे केस पुन्हा आलेच नाहीत. ती झाकेल असे केस काप, असं त्यांनी थोरलीला सांगितलं. थोरलीने कात्री उचलली. निम्मं काम झाल्यावर ती म्हणाली, "बाई, फळ्यावरचा ठिपक्याच्या चाचणीचा रकाना मीच पुसला होता."

बाईंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "हे त्या दिवशी सांगायला हवं होतंस. तिच्यासमोर, सगळ्यांच्या देखत," त्या म्हणाल्या. उठताना त्यांनी पैसे ठेवले, आणि त्या पुन्हा आल्या नाहीत.

थोरलीने दोनदा धाकटीला निरोप धाडला. उत्तर आलं नाही.

मित्रांनो, आता माझ्या पायातल्या पंपाचं तेल गळतं. कुणी बसलं की मी हळूहळू खाली जाते, म्हणून कुणी बसत नाही. माझं रेक्झिन फाटलं तर नवं घालता येईल, नाहीतर भंगारवाला नेईल. त्याचं मला दुःख नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, चार माणसं जमवून काही उभं कराल. तेव्हा त्यांचे हात पाहा, तसं त्यांचं ऐकाही. आणि चूक तुमची असेल, तर ती त्यांच्या गळ्यात घालू नका. मोडलेली खुर्ची लगेच दिसते. माणूस मोडलाय हे मात्र, तो उठून गेल्यावरच कळतं.